मावशी म्हणायचं नाही

त्यांना मावशी म्हणायची सोय नव्हती. मॅडम म्हटलेलंही चालायचं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत 'मिस्त्री म्हणा' असं लिहून ठेवलं होतं आणि बाण काढून स्वतःची खुर्ची दाखवली होती. कारण विचारलं तर म्हणायच्या, "मॅडमला कुनी जळकी मोटर दाखवत न्हाई. आन् मावशी म्हनलं की लोक पैशे द्यायचं इसरत्यात."

साडीवर पुरुषी फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, अंबाड्यात पेन्सिल. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने गुंडाळलेली. शेवगावच्या होत्या. आमच्या देवळाली प्रवराला सरकारी कौशल्य योजनेतून बायकांसाठी मोटर वाइंडिंगचा, म्हणजे जळक्या मोटरीत नवी तार भरायचा, तीन महिन्यांचा वर्ग निघाला. योजनेत शिकवणारी बाईच हवी असा नियम होता आणि अशी बाई जवळपास कुठे मिळेना, म्हणून त्यांना तिकडून आणलं होतं. वर्ग भरायचा एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. पंगतीच्या लांबलचक टेबलांवर ओळीने जळक्या मोटरी मांडलेल्या असायच्या. भिंतीवर 'शुभ विवाह' तसंच होतं.

मी तिथे शिकायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. मी आमच्या युवक संघटनेची पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. त्या आठवड्यातलं पत्रक होतं 'प्रशिक्षण कोणाचं, पोट कोणाचं?' त्यात मी सरळ लिहिलं होतं: घर भागत नाही कारण बायकांच्या अंगात कौशल्य नाही, असं सरकार सांगतं. हे खोटं आहे. बाईच्या अंगात दहा कौशल्यं आहेत, त्यांचे पैसे कुणी देत नाही एवढंच. आता अकरावं शिकवाल, फोटो काढाल, प्रमाणपत्र द्याल आणि बाई परत कांदे काढायला जाईल. आजही यातला एक शब्द मी मागे घेत नाही.

मिस्त्रींनी पत्रक हातात घेतलं. वरपासून खालपर्यंत, छपाई करणाऱ्या प्रेसच्या नावासकट वाचलं. मग त्याची उभी घडी घातली आणि समोरच्या मोटरच्या खाचेत सरकवून बघितली. तारा बॉडीला चिकटू नयेत म्हणून त्या खाचांमध्ये कागद घालतात.

"कागद बरा हाय," त्या म्हणाल्या, "पर व्हार्निश पेनार न्हाई. आन् खाली 'कष्टकरी भगिनींनो' कशाला लिवलंस? भगिनी म्हनलं तरी पैशे इसरत्यात."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. वळून बघितलं तर तिसऱ्या टेबलाशी माझी आई बसलेली, दोन्ही हात काळे, मांडीवर पंख्याची मोटर. आठवडाभर ती घरी सांगत होती की कांद्याला जातेय.

घरचं सांगते, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. वडील साखर कारखान्यात सिझनल. गाळप चालू असेतोवर पगार, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की पुढचे महिने घरात सगळं निम्मं. चहात दूधही निम्मं. आई गल्लीभराच्या कुरडया घालायची, साड्यांना फॉल लावायची, कुणाच्या बारशाला शंभर माणसांचा स्वयंपाक उरकायची. किती द्यायचे असं विचारलं की तिचं एक वाक्य ठरलेलं, "द्या मनाला येईल ते." लोकांच्या मनाला फार काही येत नसे. उरलेलं पीठ, एखादा ब्लाउजपीस. त्या वर्षी धाकटी दहावीला होती. तिला नगरला डिप्लोमाला जायचं होतं आणि मार्क पडणार यात शंका नव्हती. शंका होती ती वसतिगृहाच्या खर्चाची. घरात बोलणं सुरू झालं होतं, "एक वर्ष थांबू." एक वर्ष थांबलेल्या मुली मी भरपूर पाहिल्यात. त्यांच्या लग्नांत वाढपी म्हणून फिरलेय. आईला जूनच्या आत महिन्याची मिळकत उभी करायची होती, एवढ्याचसाठी ती वर्गाला बसली होती.

"मोटर शिकून करनार काय, इमान उडवनार?" वडील म्हणाले होते. म्हणून कांद्याची थाप.

मी रोज जायला लागले. वर्गातला गैरव्यवहार उघडकीस आणायला, असं मी संघटनेत सांगितलं. खरं म्हणजे मला मिस्त्रींचं वेड बघायचं होतं.

मोटर उघडल्याबरोबर त्या आधी वास घ्यायच्या. डोळे मिटून, भाजीवाल्याकडे कोथिंबिरीचा घेतात तसा. मग निकाल. "ही पान्याबिगर पळाली." "ह्या मोटरीत उंदराची बाळंतीन ऱ्हात हुती." एकदा म्हणाल्या, "ही चालू करून मानूस गप्पा हाणाय गेलता." मोटर ज्याची होती तो शेतकरी दारातच उभा होता, तो खाली बघायला लागला.

अकराला डबे उघडायचे. सगळ्यांचे मधोमध. डबा उघडताना बायका म्हणतात ना, "काही विशेष नाही हो, असंच आपलं," ते वाक्य तिथे बंद होतं. जिच्या तोंडून निघेल तिने स्वतःच्या डब्याची दुकानदारासारखी जाहिरात करायची. एकीने मेथीच्या भाजीचं असं वर्णन केलं की तिला स्वतःला घासही मिळाला नाही.

आणि रोज सकाळी पहिला तास दराचा. हा तास योजनेच्या पुस्तकात कुठेही नव्हता. एकेकीने उभं राहून आपल्या कामाचा दर सांगायचा आणि मिस्त्री गिऱ्हाईक व्हायच्या. कधी पांढऱ्या कपड्यांतले पुढारी, कधी "लेकीसारखी गं तू मला" म्हणणारे तात्या, कधी नणंद. नणंद झाल्या की पदर असा काही झटकायच्या की चौदाच्या चौदा जणी आपापली नणंद ओळखायच्या. 'द्या मनाला येईल ते' म्हणणारीला शिक्षा होती: कोपऱ्यातला शेणाने माखलेला पंप खोलून साफ करायचा. पहिल्या महिन्यात तो पंप माझ्या आईने सात वेळा साफ केला. शेवटी तो इतका चकचकीत झाला की मिस्त्रींना दुसरा घाण पंप शोधून आणावा लागला.

पण दर सांगणं हे सोपं काम होतं. अवघड पुढचं. "दर सांगितला की तोंड बंद," त्या म्हणायच्या. "फुडचा शबूद गिऱ्हाइकाचा. आपन बायका काय करतो? दर सांगतो, त्यो गप बसला की आपल्यालाच घाम फुटतो, आन् आपनच दर खाली आनतो. त्येनं मागितलंच न्हाई तर कमी कशापाई करायचं?" मग त्या तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा हातात घ्यायच्या. दहा वेढे होईस्तोवर गप्प राहायचं. करून बघा. मी सभेत तासभर बोलू शकते, पण त्या दहा वेढ्यांत मला ठसका आला होता.

हे कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मोटर खोलता खोलता. शेवगावात नवऱ्याचं वाइंडिंगचं दुकान होतं. बाहेर नवरा बसायचा, मिशीला पीळ देत. आत त्या काम करायच्या. नवऱ्याला गिऱ्हाइकाशी बोलायला आवडायचं, तारेशी बोलायला नाही. तो गेला. लोक दोन महिने चांगले भेटायला येत राहिले. मग मोटरी घेऊन आले आणि निम्मे पैसे द्यायला लागले. "बोटं तीच, तार तीच. इतकी वर्सं आमाला वाटलं दर वाइंडिंगचा हाय. दर निस्ता मिशीचा हुता." एवढं बोलून त्या मोठ्याने हसल्या आणि आम्हालाही हसायला लावलं. मला मात्र तिथल्या तिथे पत्रक लिहावंसं वाटत होतं.

वर्ग संपत आला तशी वरून चिठ्ठी आली की प्रत्येक प्रशिक्षणार्थीचं नेमणूकपत्र जोडा, नाहीतर बॅच यशस्वी धरणार नाही. नोकरी एकच समोर होती, नगरच्या एमआयडीसीत हेल्परची. जायला-यायला एवढं भाडं की पगारातून बसवाल्याचं घर चाललं असतं. मी संतापले. टेबलावर हात आपटून दहा मिनिटं बोलले. योजनेने बाईला मिस्त्री करायचं आणि कागदाने तिला हेल्पर करायचं, हा कुठला न्याय, वगैरे. मिस्त्री शांतपणे जांभई देत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "पत्रकवाले, तुज्याकडं कोरं कागद हायेत ना?"

त्या दुपारी चौदा जणींनी स्वतःची नेमणूकपत्रं स्वतः लिहिली. 'मी खाली सही करणार, स्वतःला मोटर मिस्त्री या जागेवर आजपासून नेमत आहे. कामाचा दर पुढीलप्रमाणे.' मजकूर माझा, पण कल्पना त्यांची. तेरा जणींनी दर लिहिले. आईच्या पत्रात त्या जागी लिहिलं होतं, 'मनाला येईल ते.'

मिस्त्रींनी ते परत दिलं. आईने खोडून जागा कोरी ठेवली. तेही परत दिलं. तिसऱ्यांदा आईचे डोळे भरले.

"मला येत न्हाई वो मिस्त्री. काम येतंय. हे येत न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे कोरं," त्या म्हणाल्या. "पोरगी कधी जानार नगरला?"

आईने पत्राची घडी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तिच्यापुढे एक मोटर ठेवली. "ही तू एकटीनं करायची. आमी कुनी बघनार न्हाई."

मोटर होती नगर-मनमाड रोडवरच्या एका रसवंतीची, कोल्हारच्या बाजूला. भर एप्रिलात जळालेली, आणि राहुरीच्या दुकानात आठ दिवसांची रांग. अडचण एकच होती. रसवंतीवाला म्हणजे आईचा मानलेला भाऊ. आई त्याला दादा म्हणायची, तो तिला अक्का. दर श्रावणात राखी, दर भाऊबीजेला साडी. मिस्त्रींना हे माहीत नसणार, असं मी त्यांना सांगायला गेले.

"म्हाईत हाय म्हनून तर दिली," त्या म्हणाल्या.

आईने दोन दिवस खपून मोटर केली. जळकी तार काढली, वेढे मोजून ठेवले, खाचा घासल्या, नवे कागद घातले. वेढे मोजताना तिचे ओठ हलायचे आणि कपाळावरचा घाम ती खांद्याने पुसायची. तिसऱ्या दिवशी जोडून चालू केली तर मोटरने आवाजसुद्धा केला नाही, नुसती फिरायला लागली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दादा आला.

"अक्का, तू केलीस व्हय? मग काय, घरचीच की," असं म्हणत त्याने मोटरला हात घातला.

आईने मोटरवर हात ठेवला. "अठराशे," ती म्हणाली.

हॉलमध्ये एकदम सगळ्यांना काम लागलं. टेबलांवर तेरा माना खाली. मिस्त्रींनी यंत्राचा दांडा धरला आणि फिरवायला सुरुवात केली. एक. दोन. दादाने आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या 'शुभ विवाह'कडे. तीन. चार. मला राहवेना. श्रमाचं मूल्य, नात्याच्या नावाखालची पिळवणूक, सगळं घशाशी आलं आणि मी तोंड उघडलं. त्याच क्षणी मिस्त्रींनी कॉइल बांधायच्या सुती दोऱ्याचं टोक माझ्या पुढ्यात धरलं.

"दातात धर. घट्ट. सुटला तर कॉइल वाया जाईल."

मी धरला. आयुष्यात इतकी गप्प मी परीक्षेतही बसले नव्हते.

"आगं, राखी बांदतीस ना मला?" दादा म्हणाला.

"राखी श्रावनात," आई म्हणाली. "मोटर चैत्रातली हाय."

मिस्त्रींनी हात थांबवला, तार सोडवली आणि पुन्हा पहिल्यापासून वेढे घालायला लागल्या. आईने ते बघितलं. ओठ मिटले, दोन्ही हात पोटाशी बांधले आणि समोर बघत उभी राहिली. या वेळी ती बोलली नाही. सहा झाले, सात झाले. आठव्या वेढ्याला दादाने खिशात हात घातला.

"राहुरीवाला दोन हजार घेतो," तो पुटपुटला आणि नोटा टेबलावर ठेवल्या. मग जरा खालच्या आवाजात, "अक्का, पुन्यांदा बिघडली तर?"

"बिघडायची न्हाई. बिघडली तर मी हाय."

तो गेल्यावर आई खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली, मग बाकीच्या हसल्या, मीही हसले आणि दोरा सुटला. मिस्त्री एकट्या आईवर नाराज होत्या. "दोन हजार चालू हाय बाजारात. मंदा, तू इचारलंस का आदी? दोनशे सोडलंस." पण हे म्हणताना त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढून आईच्या हातात दिली. आईने नेमणूकपत्रातली कोरी जागा भरली. दोन हजार लिहिले.

संध्याकाळी वर्गच्या वर्ग टेम्पोत बसून दादाच्या रसवंतीवर गेला. दादा मनाचा मोठा माणूस. "अक्काच्या मैत्रिणी, पैसे नको," म्हणाला. मिस्त्रींनी ऐकलं नाही. "तू दर सांग, आमी दिऊ." प्रत्येकीने आपल्या ग्लासाचे पैसे स्वतः दिले, आणि कधी नव्हे ते हॉटेलात शिरावं अशा थाटात, आलं घाला, बर्फ नको, लिंबू जास्त, असा हुकूम सोडून सगळ्या रस प्यायल्या. आईने ग्लास तसाच ठेवला होता. ती यंत्रामागे जाऊन मोटरवर तळवा टेकून उभी होती. उसाची कांडी आत जात होती, चाकाची घुंगरं वाजत होती, आणि ती माणसाचा ताप बघावा तशी मोटर गरम होते का ते बघत होती. होत नव्हती.

पुढच्या आठवड्यात तपासणीचे साहेब आले. नेमणूकपत्रं चाळून म्हणाले, "नेमणारा आणि नेमला जाणारा एकच कसा?"

"मग कुनी नेमायचं?" मिस्त्रींनी विचारलं. "मोटरीनं?"

साहेब हसले, पण त्यांच्या फॉर्मात तसा रकाना नव्हता. चौदाही जणींपुढे 'बेरोजगार' लिहिलं गेलं. त्या दिवशी आईच्या टेबलावर तीन गिऱ्हाइकांच्या मोटरी होत्या. सरकारी दप्तरात ती बॅच आजही नापास आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगते आणि मरेपर्यंत सांगणार आहे. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. साहेब निघताना दारात घुटमळले आणि हळूच म्हणाले, "घरचा मिक्सर बंद आहे जरा. बघता का कुणी?" चौदा जणींनी एका आवाजात दर सांगितला आणि एका दमात गप्प झाल्या. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मिक्सर पाठवला, पैशांसकट.

मग मिस्त्री गेल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या, नारळ-शाल तर नकोच. "शाल दिली की लोकांना वाटतं हिशोब मिटला." फळा पुसून, यंत्र पाठीला लावून एसटीत बसल्या. दुसऱ्या कुठल्याशा तालुक्यात नवी बॅच होती.

धाकटीला नगरला प्रवेश मिळाला. जायच्या दिवशी बसस्टँडवर आम्ही होतो, वडील होते, पत्र्याची पेटी होती. आई नव्हती. सकाळीच एक शेतकरी गाडीवर जळकी मोटर घेऊन आला होता. दुपारी त्याच्या शेताला लाइट मिळणार, तोवर मोटर बसली नाही तर गुरांसाठी लावलेला घास वाळणार. आई म्हणाली होती, "तुमी व्हा फुडं, मी आलेच." बस लागली, भरली, निघाली. धाकटी खिडकीतून मागे बघत राहिली. मी तिच्याबरोबर नगरपर्यंत जाणार होते, म्हणून बसमध्येच होते. आमच्या रस्त्याची जी अवस्था आहे त्यावर मी स्वतंत्र पत्रक काढलेलं आहे, पण त्या दिवशी त्या खड्ड्यांचे मी आभार मानले. बस बैलगाडीसारखी चालली होती, तेव्हा उजवीकडून एक मोटरसायकल आली. पुढे तो शेतकरी. मागे माझी आई, वडिलांचा जुना फुल शर्ट साडीवर घातलेली, मांडीवर दुरुस्त केलेली मोटर दोन्ही हातांनी कवटाळून. गाडी आमच्या खिडकीला समांतर चालायला लागली. तिला हात हलवता येईना. हलवला असता तर मोटर पडली असती. म्हणून ती नुसती मान हलवत होती, हसत होती, ओरडून काहीतरी सांगत होती. बसच्या आवाजात आम्हाला एक अक्षर कळलं नाही. धाकटी मात्र खिडकीतून अर्धी बाहेर लटकून "व्हय आई, व्हय," म्हणत होती. फाट्यावर गाडी शेताकडे वळली आणि बस नगरकडे.

मी बसमधूनच मिस्त्रींना फोन लावला. कुठल्या तरी हॉलमध्ये होत्या, मागे दांडा फिरल्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. धाकटी निघाली, आई गाडीवर, मांडीवर मोटर, शेतावर बसवून द्यायला चाललीय.

मिस्त्रींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शेतावर चाललीय," त्या म्हणाल्या. "जान्या-येन्याचं येगळं लावलंय का?"